नवा घटक स्वीकारण्यापूर्वी : मुक्तस्रोत संगणकप्रणालीतील परीक्षणाची पद्धत

पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील निघोजे या गावाचे नाव आज चाकण औद्योगिक पट्ट्यातील वाहननिर्मितीशी जोडले गेले आहे. फोक्सवॅगन कंपनीचा कारखाना ३१ मार्च २००९ रोजी या परिसरात सुरू झाला. महिंद्र समूहाचा वाहन कारखानाही निघोजे येथेच आहे. या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे लहानमोठे उद्योग महाळुंगे, खराबवाडी, कुरुळी या गावांतून थेट भोसरी-पिंपरीपर्यंत पसरले आहेत. या उद्योगांतील कोणाही कुशल कामगारास एक गोष्ट पक्की ठाऊक असते. नवा सुटा भाग कितीही चांगला वठला, तरी तो थेट गाडीला बसविला जात नाही. आधी त्याची रीतसर मंजुरी घ्यावी लागते.

या मंजुरीच्या रीतीस ‘प्रॉडक्शन पार्ट अप्रूव्हल प्रोसेस’ असे नाव असून कारखान्यांच्या बोलीत तिला ‘पीपॅप’ म्हणतात. अमेरिकेतील मोटार उद्योगाने ती १९९३ साली पुस्तकरूपाने निश्चित केली. जर्मन मोटार उद्योगाची अशीच स्वतंत्र पद्धत आहे. पीपॅपमध्ये एकंदर १८ बाबींची पूर्तता अपेक्षित असते. भागाचा आराखडा, प्रत्यक्ष मोजमापे, धातूच्या चाचणीचे निकाल, निर्मितीचा क्रम, कोठे काय बिघडू शकेल याचा आगाऊ विचार, नमुना भाग आणि शेवटी पुरवठादाराने सही करून दिलेली हमी यांचा त्यांत समावेश होतो. यातील सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, मंजुरी एकदा मिळाली म्हणजे ती कायमची मिळाली असे होत नाही. साचा बदलला, कच्चा माल बदलला किंवा उत्पादनाची जागा बदलली, तर ग्राहक कारखान्यास कळवून मंजुरी पुन्हा घ्यावी लागते.

आता गाडीत केवळ पोलाद, रबर आणि तारा नसतात. तिच्यात संगणकप्रणालीही असते. अनेक गाड्यांच्या पडद्यावर माहितीच्या सदरात शोधले, तर आत वापरलेल्या मुक्तस्रोत घटकांच्या परवान्यांची लांबलचक यादी सापडते. शाळेतील संगणक, तहसील कार्यालयातील सर्व्हर आणि हातातील भ्रमणध्वनी यांचीही स्थिती तीच आहे. लोखंडी भागाला पीपॅप लागते, तर जगभरातील अनोळखी माणसांनी लिहिलेल्या या घटकांना मंजुरी कोण देते? ती देण्याची पद्धत काय, तिची शक्ती कशात आहे आणि ती कोठे उणी पडते, याचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मुक्तस्रोत म्हणजे काय?

संगणकप्रणाली ज्या मूळ सूचनांनी बनते, त्यांना मूळ संहिता म्हणतात. ज्या प्रणालीची मूळ संहिता कोणासही वाचता येते, वापरता येते, बदलता येते आणि बदललेल्या स्वरूपात पुन्हा वाटता येते, ती मुक्तस्रोत प्रणाली होय. हे अधिकार परवान्याने दिलेले असतात. त्यामुळे ‘मुक्त’ याचा अर्थ ‘बेवारस’ असा करणे चूक आहे. प्रत्येक घटकावर त्याच्या लेखकाचा हक्क असतो आणि परवान्याच्या अटी वापरणाऱ्यावर बंधनकारक असतात.

मोठी मुक्तस्रोत प्रणाली हजारो घटकांची मिळून बनते. एक घटक फाईल आकुंचित करतो, दुसरा माहिती गुप्त लिपीत पाठवितो, तिसरा देवनागरी अक्षरे पडद्यावर जोडून दाखवितो. असा नवा घटक कोणासही लिहून प्रकल्पापुढे ठेवता येतो. वय, पदवी, देश किंवा नोकरी यांची अट त्यास नसते. मात्र घटक पुढे ठेवणे आणि तो स्वीकारला जाणे यांत मोठे अंतर आहे. हे अंतर ज्या मार्गाने पार होते, त्यास परीक्षण म्हणतात.

आपल्या प्रशासनास ही कल्पना नवी नाही. बांधकामाचे मोजमाप कनिष्ठ अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंदवितो आणि वरिष्ठ अभियंता त्यातील मोजमापे पुन्हा तपासतो. ज्याने काम केले, त्यानेच ते बरोबर असल्याचा दाखला द्यावयाचा नाही, हे तत्त्व त्यामागे आहे. मुक्तस्रोत परीक्षणाचा पायाही हाच आहे.

पुण्यातील एक उदाहरण

या पद्धतीचा अभ्यास करण्यासाठी फेडोरा हा प्रकल्प सोयीचा आहे. लिनक्सवर आधारलेली ही संपूर्ण कार्यप्रणाली २००३ साली रेड हॅट या कंपनीच्या पाठिंब्याने सुरू झाली. रेड हॅटचे पुण्यात मोठे कार्यालय असून भारतीय भाषांच्या संगणकीकरणाचे बरेचसे काम तेथून झाले. फेडोराच्या कार्यकर्त्यांची आंतरराष्ट्रीय परिषद नोव्हेंबर २०११ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात भरली. आशिया-पॅसिफिक विभागाची परिषद जून २०१५ मध्ये पुण्यातच, कोथरूड येथील एमआयटी अभियांत्रिकी महाविद्यालयात झाली. पुण्यातील अनेक अभियंत्यांनी या प्रकल्पात घटक लिहिण्याचे आणि इतरांचे घटक तपासण्याचेही काम केले आहे.

फेडोरात समाविष्ट होणाऱ्या घटकास ‘पॅकेज’ म्हणतात. नव्या पॅकेजचा प्रवास पुढील टप्प्यांनी होतो.

पहिला टप्पा अर्जाचा. अर्जदार घटकाची मूळ संहिता आणि ती कशी बांधावयाची याच्या सूचनांची फाईल सर्वांना पाहता येईल अशा ठिकाणी ठेवतो आणि परीक्षणाची विनंती नोंदवितो. ही नोंद सार्वजनिक असते. पुढचा सर्व पत्रव्यवहार तिच्याखालीच होतो आणि कोणासही तो वर्षानुवर्षांनी वाचता येतो.

दुसरा टप्पा परीक्षकाचा. प्रकल्पाचा कोणीही मान्यताप्राप्त सदस्य परीक्षणाचे काम हाती घेऊ शकतो. मात्र अर्जदाराला स्वतःचे पॅकेज स्वतः मंजूर करता येत नाही. परीक्षकाने काम हाती घेतले की नोंदीवर प्रश्नचिन्ह लागते आणि मंजुरी दिली की अधिकचे चिन्ह लागते. या दोन चिन्हांच्या दरम्यान कधी दोन दिवस जातात, तर कधी अनेक महिने.

तिसरा टप्पा प्रत्यक्ष तपासणीचा. परीक्षकापुढे लिखित नियमांची यादी असते आणि तिचे दोन भाग असतात: ‘असलेच पाहिजे’ आणि ‘असावे’. परवाना प्रकल्पास मान्य असलेला आणि अर्जात अचूक नमूद केलेला असलाच पाहिजे. मूळ लेखकाने परवान्याचा मजकूर दिला असेल, तर तो पॅकेजमध्ये असलाच पाहिजे. वापरलेली संहिता मूळ लेखकाने प्रसिद्ध केलेल्या संहितेशी तंतोतंत जुळली पाहिजे आणि ती जुळते किंवा नाही हे गणिती पडताळणीने पाहिले पाहिजे. बांधणीच्या सूचना दुसऱ्या माणसास वाचता येतील इतक्या सुबोध असल्या पाहिजेत. शेवटचा नियम पाहण्यास साधा वाटतो, परंतु त्यात दूरदृष्टी आहे. आज लिहिणारा माणूस उद्या प्रकल्पात नसेल आणि त्याचे काम दुसऱ्या कोणास तरी पुढे चालवावे लागेल, हे त्यात गृहीत धरले आहे. यातील यांत्रिक तपासणी आता संगणकच करून देतो. तथापि निर्णय माणसाचा असतो.

चौथा टप्पा हमीचा. अर्जदार प्रकल्पास अगदी नवा असेल, तर त्याला एका अनुभवी सदस्याची हमी लागते. हमी देणारा सदस्य नवख्यास शिकवितो, त्याच्या चुका दाखवितो आणि त्याच्या कामाची काही जबाबदारी स्वतःकडे घेतो. हमी मिळविण्याचा एक रूढ मार्ग असा की, नवख्याने इतरांच्या अर्जांचे अनौपचारिक परीक्षण करून दाखवावे. म्हणजे लिहिण्याचा अधिकार मिळण्यापूर्वी वाचण्याची तयारी सिद्ध करावी लागते. आपल्या कारागिरांत उमेदवारी करण्याची जी परंपरा आहे, तिची आठवण या ठिकाणी झाल्यावाचून राहत नाही.

पाचवा टप्पा चाचणीचा. मंजूर झालेले पॅकेज प्रकल्पाच्या स्वतःच्या यंत्रणेवर बांधले जाते. चालू असलेल्या आवृत्तीत नवे पॅकेज किंवा जुन्याची सुधारणा आणावयाची असेल, तर ती प्रथम चाचणीच्या विभागात ठेवतात. तेथे वापरणारे लोक आपला अनुकूल किंवा प्रतिकूल अभिप्राय नोंदवितात. पुरेसे अनुकूल अभिप्राय मिळाल्यावर किंवा ठराविक मुदत तक्रारीविना गेल्यावरच ती सर्वसामान्य वापरासाठी खुली होते.

इतर प्रकल्पांच्या रीती तपशिलात वेगळ्या असल्या, तरी सूत्र हेच असते. लिनक्सच्या गाभ्यात येणाऱ्या प्रत्येक बदलाखाली २००४ सालापासून देणाऱ्याची आणि पुढे पाठविणाऱ्याची नावानिशी सही घेतली जाते. ही संहिता देण्याचा आपणास अधिकार आहे, अशी ती सही ग्वाही देते. अद्याप कच्च्या असलेल्या घटकांसाठी तेथे २००८ साली एक वेगळा विभाग करण्यात आला. तेथे घटक सुधारला तर तो आत जातो, न सुधारल्यास काढून टाकला जातो. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पात नव्या नावाचे प्रत्येक पॅकेज एका विशेष गटाच्या हाताखालून जाते आणि तो गट परवान्यांची बारकाईने छाननी करतो.

मराठी अक्षराची कसोटी

परीक्षण म्हणजे केवळ अभियंत्यांचे काम, असा समज होण्याचा संभव आहे. देवनागरी अक्षरांचे उदाहरण घेतल्यास तो दूर होईल.

रेड हॅटने २००४ साली ‘लोहित’ नावाचे भारतीय भाषांचे फाँट मुक्त परवान्याखाली उपलब्ध करून दिले. पुढे या कुटुंबात मराठीचाही समावेश झाला आणि २०११ साली फाँटसाठी खास तयार केलेल्या मुक्त परवान्याखाली ते आणण्यात आले. फाँट हाही प्रणालीचा एक घटकच असतो आणि त्यालाही परीक्षणातून जावे लागते. परवाना बरोबर आहे, फाईल योग्य जागी आहे, बांधणी निर्दोष आहे, एवढे कोणत्याही देशातील परीक्षकास पाहता येईल. परंतु मराठी शब्द पडद्यावर खरोखर बरोबर उमटतो काय, हे मराठी वाचणाराच सांगू शकतो.

‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द घ्यावेत. पहिल्यात गुरुजनांचा उल्लेख आहे, दुसऱ्यात स्वयंपाक करणाऱ्यांचा. फरक केवळ ‘र’च्या रूपाचा आहे. एका शब्दात तो य-वर रफार होऊन बसतो, तर दुसऱ्यात य-च्या आधी आडव्या रेषेसारखा येतो. हिंदीत हे दुसरे रूप लागत नाही. त्यामुळे केवळ हिंदीच्या दृष्टीने तपासलेला घटक मराठीत अर्थाचा अनर्थ करू शकतो. युनिकोडमध्ये यासाठी ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराची सोय आहे आणि इनस्क्रिप्ट कळफलकावर ते ‘र’च्याच कळीवर शिफ्ट दाबून मिळते. तरीही फाँट, अक्षरजोडणी करणारा घटक आणि छपाई करणारा घटक या तिघांनीही त्याचा मान राखला, तरच कागदावर शब्द शुद्ध येतो.

हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. मोशी-चाकण परिसरात बोऱ्हाडे हे आडनाव मोठ्या प्रमाणावर आढळते. गोऱ्हे, कऱ्हाडकर, वऱ्हाडे ही आडनावेही महाराष्ट्रात सर्वत्र आहेत. एका दाखल्यावर आडनाव एक प्रकारे आणि दुसऱ्यावर दुसऱ्या प्रकारे उमटले, तर सामान्य नागरिकास कार्यालयाच्या फेऱ्या माराव्या लागतात. ‘ल’ आणि ‘श’ या अक्षरांचे मराठी वळणही हिंदीहून निराळे आहे. राज्य शासनाने २००९ साली निर्णय काढून मराठी वर्णमाला व अक्षरांची प्रमाण रूपे निश्चित केली आहेत. अशा बाबतीत गावातील शिक्षक हा उत्तम परीक्षक ठरू शकतो. त्याला संहिता लिहिता येण्याची गरज नाही. चूक अचूक दाखवून ती नोंदविता आली, म्हणजे त्याचे परीक्षण झाले.

दोन घटना, दोन धडे

इतकी काळजी घेऊनही चूक होत नाही काय? होते. गेल्या काही वर्षांतील दोन घटना या दृष्टीने अभ्यासण्याजोग्या आहेत.

पहिली घटना ७ एप्रिल २०१४ रोजी उघडकीस आली. ओपनएसएसएल हा घटक जगभरच्या संकेतस्थळांवरील माहिती गुप्त ठेवण्याचे काम करतो. त्यात एक लहानसा नवा भाग एका संशोधक विद्यार्थ्याने लिहून दिला. प्रकल्पाच्या एका अनुभवी सदस्याने तो तपासला आणि स्वीकारला. मार्च २०१२ मध्ये तो सर्वत्र गेला. त्या भागात एक उणीव होती. समोरचा संगणक मी इतकी अक्षरे पाठविली आहेत असे सांगेल, ते खरे मानून तितकीच अक्षरे परत पाठविली जात. प्रत्यक्षात किती आली, हे पाहिले जात नसे. त्यामुळे कोणासही सर्व्हरच्या स्मृतीतील सुमारे ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर एका वेळी काढून घेता येत होता. त्या मजकुरात संकेतशब्दही असू शकत. ‘हार्टब्लीड’ या नावाने ही उणीव प्रसिद्ध झाली. लिहिणाऱ्याच्या नजरेतून ती सुटली होती, तपासणाऱ्याच्याही सुटली, आणि संहिता सर्वांसाठी खुली असूनही दोन वर्षे ती कोणी पुरेशा लक्षपूर्वक वाचली नाही. जगातील प्रचंड व्यवहाराचा भार वाहणाऱ्या या घटकासाठी पूर्णवेळ काम करणारी माणसे तेव्हा नाममात्र होती. खुले असणे आणि वाचले जाणे या भिन्न गोष्टी आहेत, हा या घटनेचा धडा होय.

दुसरी घटना २९ मार्च २०२४ ची. फाईल आकुंचित करणारा ‘एक्सझेड’ नावाचा घटक बहुतेक सर्व लिनक्स प्रणालींत असतो. त्याची देखभाल अनेक वर्षे एकच माणूस विनामोबदला करीत होता. २०२१ सालापासून ‘जिया तान’ या नावाने कोणी एक व्यक्ती त्याला मदत करू लागली. काम नीटनेटके होते. थकलेल्या देखभालकर्त्याने कामाचा वेग वाढवावा आणि इतरांस अधिकार द्यावा, असा तगादा इतर अनोळखी नावांनी लावण्यात आला. यथाकाल त्या व्यक्तीस नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा अधिकार मिळाला. फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये तिने प्रसिद्ध केलेल्या आवृत्त्यांत, चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या फाईलींच्या आत, दूरच्या संगणकात चोरून शिरण्याचा मार्ग दडविलेला होता. तो उघडणारी सूचना सार्वजनिक संहितेत नव्हती. ती केवळ प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात होती.

आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास एका चाचणीत दूरच्या संगणकावर प्रवेश मिळण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले. त्याने त्याचे कारण शोधीत शेवटपर्यंत जाऊन हा प्रकार उघड केला. दूषित आवृत्ती तोवर फेडोराच्या विकसनशील आणि चाचणी आवृत्तीत पोहोचली होती. सर्वसामान्यांच्या वापरातील स्थिर आवृत्तीत ती गेलेली नव्हती. टप्प्याटप्प्याने पुढे जाण्याची जी पद्धत वर सांगितली, तिचा हा उपयोग झाला.

मात्र या घटनेने परीक्षणपद्धतीचे मर्मस्थानही दाखवून दिले. वापरलेली संहिता मूळ लेखकाच्या संहितेशी जुळते काय, ही पडताळणी येथे निरुपयोगी होती, कारण मूळ स्रोतच दूषित झाला होता. शिवाय अशा प्रकल्पांत सविस्तर परीक्षण बहुधा घटकाच्या पहिल्या प्रवेशाच्या वेळी होते. पुढच्या सुधारणा देखभालकर्त्यावरील विश्वासाने जातात. प्रवेशद्वारावर पहारा कडक आणि आत आलेल्याची पुन्हा विचारपूस नाही, अशी ही स्थिती होते. निघोजेतील सुट्या भागांच्या कारखानदारास जो नियम अंगवळणी पडला आहे, तोच येथे अपुरा पडला. साचा बदलला की मंजुरी पुन्हा घ्यावयाची, आणि देखभालकर्ता बदलणे हा साचा बदलण्याइतकाच मोठा बदल मानावयाचा, हा दुसऱ्या घटनेचा धडा होय.

परीक्षकांची उणीव

दोन्ही घटनांच्या मुळाशी एकच कारण दिसते. संहिता लिहिणारे पुष्कळ आहेत, वाचून तपासणारे थोडे आहेत. संकेतस्थळे उभारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या द्रुपल या मुक्तस्रोत प्रणालीचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. भारतातील काही शासकीय संकेतस्थळेही तिच्यावर उभारली गेली. द्रुपलमध्ये नवख्या व्यक्तीचे पहिले मॉड्यूल स्वीकारण्यापूर्वी स्वयंसेवक परीक्षकांची मंजुरी लागत असे. परीक्षक अपुरे असल्याने अर्जांची रांग वाढत गेली आणि उत्साही नवखे लोक वाट पाहून निघून जाऊ लागले. अखेर २०१७ साली नियम बदलला. मॉड्यूल प्रसिद्ध करण्याची मुभा सर्वांस देण्यात आली, परंतु सुरक्षिततेच्या सूचनांचे संरक्षण हवे असल्यास परीक्षण आवश्यक ठेवण्यात आले. ज्या मॉड्यूलला हे संरक्षण नाही, त्याच्या पानावर तसे स्पष्ट लिहिलेले असते. रांगेचा प्रश्न त्यामुळे सुटला, परंतु सूचना वाचून निवड करण्याची जबाबदारी आता वापरणाऱ्यावर आली.

परीक्षकाच्या कामास प्रसिद्धी नाही. नव्या घटकावर लेखकाचे नाव येते. तो वाचून त्यातील चाळीस चुका दाखविणाऱ्याचे नाव जुन्या नोंदीत राहते. मंजुरी देण्यास उशीर झाला तर लोक रागावतात आणि चूक सुटली तर दोष देतात. तरीही हे काम करणारी माणसे आहेत, म्हणूनच ही व्यवस्था उभी आहे. त्यांची संख्या वाढविणे ही आजची खरी गरज आहे.

कार्यालये, शाळा आणि पंचायतींनी काय करावे?

भारत सरकारने २०१५ साली शासकीय कामात मुक्तस्रोत प्रणालीस प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. त्याच वर्षी शासकीय प्रणालींची मूळ संहिता खुली करण्याचेही धोरण आले. शिक्षकांच्या परिचयाचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले आणि ते ‘सनबर्ड’ या मुक्तस्रोत प्रणालीवर उभे आहे. ग्रामपंचायतींचे नियोजन व हिशेब २०२० साली सुरू झालेल्या ‘ई-ग्रामस्वराज’वर नोंदविले जातात. तेव्हा संगणकप्रणालीची गुणवत्ता हा विषय आता शहरातील तज्ज्ञांपुरता उरलेला नाही. एखादी संस्था पुरवठादाराकडून संकेतस्थळ, हजेरीची प्रणाली किंवा करवसुलीची प्रणाली करून घेते, तेव्हा काम ताब्यात घेण्यापूर्वी तिने पुढील प्रश्न लेखी विचारावेत.

एक, प्रणालीत कोणकोणते घटक वापरले आहेत? देशाच्या संगणक सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सर्ट-इन या संस्थेने २०२४ साली अशा घटकसूचीसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. ज्या पुरवठादारास आपल्या प्रणालीत काय आहे हे सांगता येत नाही, त्याला तिची हमीही देता येणार नाही.

दोन, प्रत्येक घटकाचा परवाना कोणता आणि त्याच्या अटी पाळल्या आहेत काय?

तीन, प्रत्येक घटकाची देखभाल चालू आहे काय? शेवटची सुधारणा केव्हा झाली आणि देखभाल एकाच माणसावर तर अवलंबून नाही ना?

चार, पुढे होणारे बदल कोण तपासणार? लिहिणारा आणि तपासणारा वेगळे असतील, असे करारात नमूद आहे काय? घटक बदलल्यास संस्थेस आगाऊ कळविले जाईल काय?

पाच, मराठी नावे, गावे आणि आकडे पडद्यावर व कागदावर शुद्ध उमटतात काय? यासाठी प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या गावातील अवघड आडनावांची, वाड्यावस्त्यांची आणि जोडाक्षरांची एक पानभर यादी करून ठेवावी आणि प्रत्येक नवी प्रणाली त्या यादीवर पारखून घ्यावी. ग्रामसेवक आणि शिक्षक यांना हे काम एका दुपारी करता येईल.

महाविद्यालयांस आणखी एक काम करता येण्याजोगे आहे. चाकण-पिंपरी पट्ट्यातील तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालये विद्यार्थ्यांकडून दरवर्षी नवे प्रकल्प लिहून घेतात. त्यांतील काही विद्यार्थ्यांना नवे न लिहिता एखाद्या चालू मुक्तस्रोत प्रकल्पातील प्रलंबित घटक वाचावयास, चालवून पाहावयास आणि त्यावर सार्वजनिक अभिप्राय नोंदवावयास सांगावे. फेडोरात अनौपचारिक परीक्षण कोणासही करता येते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने तयार केलेले ध्वनिचित्र-पाठ लिनक्ससारख्या विषयांवर मराठीतूनही उपलब्ध आहेत. त्यांची मदत सुरुवातीस होऊ शकेल. अशा विद्यार्थ्यास दुसऱ्याचे काम वाचण्याची सवय लागेल. पुढे तो कारखान्यात गेला तरी ती त्याच्या उपयोगी पडेल.

मुक्तस्रोत प्रणाली विनामूल्य मिळते, म्हणून ती स्वस्त आहे असे समजण्याची प्रवृत्ती आढळते. तिची किंमत पैशात भरावी लागत नसली, तरी कोणाच्या तरी लक्षपूर्वक वाचनात ती भरलीच जाते. ज्या समाजास ही प्रणाली वापरावयाची आहे, त्याने त्या वाचनाचा आपला वाटा उचलणे हे न्यायाचे आणि त्याच्या स्वतःच्या हिताचेही आहे. सुटा भाग तपासून घेणारी माणसे आपल्या गावोगावी तयार झाली आहेत. तोच कटाक्ष संगणकप्रणालीच्या बाबतीत ठेवणारी माणसे शाळा, कार्यालये आणि पंचायतींतून तयार करणे हे आता आपले काम आहे.